मी पुसलेला बर्फ

त्या उन्हाळ्यात आम्हाला कुवेत सोडता आलं नाही. नवऱ्याने बँकेतली आयटीची नोकरी सोडून शुऐबातल्या एका कारखान्यात नोकरी धरली होती, आणि आमचा तिघांचा राहण्याचा परवाना, इकामा, एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाता जाता मधेच अडकला होता. कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कागदांच्या मागे फिरणारा माणूस, दर रविवारी पुढच्या रविवारचं सांगायचा. मी एका भारतीय शाळेत भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे जूनपासून मलाही सुट्टी होती. फिंतासच्या आमच्या इमारतीतली बहुतेक घरं आठवड्याभरात कुलपं लावून भारतात निघून गेली. रुमैथियात राहणारी माझी एकुलती एक जवळची मैत्रीणही पुण्याला गेली. उरलो आम्ही, आणि तळमजल्यावरचं रत्नागिरीकडचं एक मुस्लिम कुटुंब.

जुलैत धूळ सुरू झाली ती दहा दिवस थांबलीच नाही. आमच्या खिडकीतून एरवी समुद्राची एक पट्टी दिसते, ती दिसेनाशी झाली. खिडक्यांच्या फटींत मी ओले टॉवेल कोंबायचे, संध्याकाळी ते तपकिरी होऊन निघायचे. नवरा पहाटे निघायचा तो चारला यायचा. सोळा वर्षांची मुलगी तिच्या खोलीचं दार लावून बसायची. मधला सगळा दिवस एसीचा आवाज ऐकत मी एकटीच असायचे.

अशाच एका सकाळी पुण्याहून मॅडमचा फोन आला.

मॅडम म्हणजे माझ्या गाइड. त्यांच्या हाताखाली मी पीएच.डी. करत होते आणि अठरा वर्षांपूर्वी ती अर्धवट सोडून, लग्न करून इकडे आले होते. त्यानंतर दर दिवाळीला एक मेसेज, एवढंच राहिलं होतं. मॅडम नेहमीसारख्या थेट मुद्द्यावर आल्या. हिमाचलातल्या आमच्या प्रकल्पाच्या रडारच्या नोंदी त्यांच्या एका विद्यार्थिनीला पुन्हा तपासायच्या होत्या, पण जुन्या फाइल्स उघडायच्या कशा हेच कुणाला कळत नव्हतं. त्या फाइल्सची मांडणी मी केलेली होती.

"तुला वेळ आहे का?" त्यांनी विचारलं.

मी त्या टॉवेलांकडे बघितलं आणि म्हटलं, सध्या वेळच आहे.

प्रकल्प होता अचानक होणाऱ्या बर्फवृष्टीचा. डोंगरात असं होतं, की एका खोऱ्यात दोन तासांत कमरेएवढा बर्फ पडतो आणि शेजारच्या खोऱ्यात बायका अंगणात धान्य वाळवत बसलेल्या असतात. अंदाजात त्याचा पत्ता नसतो, कारण असा ढग फार लहान असतो आणि फार थोडा वेळ टिकतो. तो पकडायला एका गावाच्या वर डोंगराच्या सोंडेवर छोटं रडार बसवलं होतं. तीन हिवाळे मी त्या रडारशेजारच्या पत्र्याच्या खोलीत काढले.

रडार तसं साधं यंत्र आहे. एका दिशेला लहरी फेकायच्या आणि किती परत आल्या ते मोजायचं. पावसाचे थेंब भरपूर लहरी परत पाठवतात, कोरडा बर्फ फार थोड्या पाठवतो, आणि डोंगर सगळ्यांत जास्त. त्यामुळे डोंगरात रडार लावलं की पडद्यावर नुसते डोंगरच दिसतात. ते पुसायचे तर एक उपाय असतो. परत आलेल्या लहरीवरून समोरची वस्तू आपल्याकडे येते आहे की लांब जाते आहे हे कळतं. डोंगर जागचे हलत नाहीत. म्हणून जे हलत नाही ते पुसून टाकायचं. मागे उरेल ते हवामान. हे पुसण्याचं काम करणारा प्रोग्रॅम मी लिहिला होता. चोवीस वर्षांची होते. मॅडमनी पहिल्यांदा तो सगळ्यांसमोर चालवला तेव्हा सगळे डोंगर एकदम नाहीसे झाले आणि काळ्या पडद्यावर बर्फाच्या सरीचा एक फिकट निळा पट्टा सरकताना दिसला. त्या दिवशी गावातल्या टेलिफोन बूथवरून मी आईला फोन करून हे सांगितलं होतं. तिला त्यातलं काही कळलं नाही, पण माझ्या आवाजावरून तिलाही आनंद झाला.

रडार जे सांगतं ते खरं की खोटं, हे जमिनीवरच्या बर्फावरून ठरतं. तो मोजायला गावातलेच एक गृहस्थ होते. पूर्वी रस्त्याच्या कामावर मुकादम होते, वय पंचावन्नच्या आसपास, अंगाने किरकोळ. आम्ही त्यांना चाचाजी म्हणायचो. मोजायच्या जागा तीन होत्या: रडारजवळ, खाली शाळेशी, आणि वर कुरणात, जिथे शाळेपासून चालत सव्वा तास लागे. प्रत्येक ठिकाणी एक पांढरी फळी होती. फळीवरचा बर्फ पट्टीने मोजायचा, झटकायचा, आणि आकडा वहीत लिहायचा. चाचाजी आधी फळीवर बोटं आडवी धरून "चार उंगल" म्हणायचे, मग पट्टी लावायचे, आणि पट्टी त्यांच्याशी क्वचितच भांडायची.

मला तिथे चालायला त्यांनी शिकवलं. पाय घसरला की उभं राहायची धडपड करायची नाही, सरळ बसून घ्यायचं. पडद्यावर एखादा ठिपका दिसला की मी धावत बाहेर जाऊन म्हणायचे, तिकडे बर्फ सुरू झालाय. ते तिकडे बघायचे आणि सांगायचे, बेटा, ती वाऱ्याने हलणारी देवदाराची झाडं आहेत. त्यांची बायको मला आठवड्यातून एकदा जेवायला बोलवायची. त्यांची दहा वर्षांची मुलगी माझ्या शेजारी बसून मला किती कमी जेवता येतं ते मोजायची.

तिसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी, एका दुपारी, चाचाजींनी शाळेजवळून वॉकीटॉकीवर मला विचारलं, वर कुरणात जाऊन येतो, तुमचा पडदा काय म्हणतो? मी पडद्याकडे पाहिलं. तो काळा होता, एकही ठिपका नव्हता.

"साफ़ है, चाचाजी," मी म्हटलं.

"ठीक है, बेटा."

आमचं ते शेवटचं बोलणं. दोन तासांनी मी त्यांना हाक मारली तेव्हा नुसती खरखर आली. थंडीत बॅटरी उतरते, म्हणून मी काळजी केली नाही. संध्याकाळी त्यांची बायको चढण चढून आमच्या खोलीपाशी आली आणि तिने विचारलं, अजून आले कसे नाहीत, तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले. ते तिसऱ्या दिवशी सापडले. वाटेवर नाही, वाटेच्या बरंच डावीकडे, एका कड्याच्या पायाशी.

चौकशीला तिघे जण आले. गावकऱ्यांनी सांगितलं की वरच्या कुरणात त्या दुपारी भयंकर बर्फ पडला. एक मेंढपाळ म्हणाला, ढग येऊन त्या वाटीसारख्या जागेत बसला तो उठलाच नाही. चौकशी करणाऱ्यांनी रडारच्या नोंदी मागितल्या. मी त्या काढून दिल्या. पडदा साफ होता. वर जो बर्फ सापडला तो वाऱ्याने शिखरावरून उडून आलेला जुना बर्फ असावा, असं त्यांनी लिहिलं. चाचाजी सापडले त्या बाजूला त्यांचा स्वतःचा बकऱ्यांचा गोठा होता. म्हणून अहवालात आलं की नेमून दिलेली वाट सोडून ते खाजगी कामासाठी गोठ्याकडे वळले आणि पाय घसरून पडले. त्याखाली रडारच्या बाजूने माझी सही आहे.

एक गोष्ट सांगायची राहते आहे. पुसण्याच्या आधीच्या कच्च्या नोंदीही आम्ही साठवायचो. सही करण्याच्या आदल्या दिवशी माझ्या मनात आलं होतं, की त्या एकदा उघडून बघाव्यात. त्या डिस्का माझ्या मागच्याच शेल्फवर होत्या. मी उघडल्या नाहीत. तेव्हा मी फार दमलेली होते. मॅडमनाही लवकर पुण्याला परतायचं होतं. अशी कारणं मी पुढे स्वतःला बरीच दिली. एप्रिलमध्ये मी खाली उतरले, जूनमध्ये लग्न ठरलं, आणि पुढचं शिक्षण कुवेतला जाऊन पूर्ण करीन असं सगळ्यांना सांगून मी निघून आले.

आता त्याच कच्च्या नोंदी इंटरनेटवरून माझ्या फिंतासच्या जेवणाच्या टेबलावर आल्या होत्या. जुना प्रोग्रॅम चालायला लागायलाच चार दिवस गेले. मी पहिल्या हिवाळ्यापासून सुरुवात केली, मग दुसरा केला. विद्यार्थिनीला हवं होतं ते असं, की पुसलेली आणि न पुसलेली चित्रं शेजारी शेजारी ठेवून बघायची. मी ते करत राहिले. तिसऱ्या हिवाळ्यातला तो दिवस मी दोनदा ओलांडून पुढे गेले आणि शेवटी, सगळे दिवस संपल्यावर, एका सकाळी चहा घेऊन तो उघडायला बसले.

पुसलेल्या चित्रात मला माहीत होतं तेच होतं, काळा पडदा. न पुसलेल्या चित्रात डोंगर होते. मी त्यातून आदल्या दिवशीचे डोंगर वजा केले. जे उरलं ते वरच्या कुरणावर होतं. दुपारी एक लहानसा डाग उमटला होता. पुढच्या प्रत्येक चित्रात तो दाट होत गेला होता, वाटेवर पसरला होता, आणि दोन तास जवळजवळ जागचा हलला नव्हता. ढग त्या वाटीत कोंडून बसला होता. मेंढपाळाने सांगितलं होतं तसाच. आणि जे हलत नाही ते पुसायचं, असं मी यंत्राला शिकवलं होतं.

मी ते तीन वेगवेगळ्या प्रकारे तपासलं. माझी वजाबाकी चुकली असेल, घड्याळ चुकलं असेल, त्या दिवशी रडारच बिघडलं असेल. चुकीचं निघावं म्हणून मी इतकी मेहनत आधी कधी केली नव्हती. तिन्ही वेळा तो डाग तिथेच होता. चहा तसाच राहिला. मुलगी पाणी प्यायला बाहेर आली, तिने माझ्याकडे पाहिलं आणि परत आत गेली.

नवरा चारला आला. केसांत, भुवयांत धूळ होती. त्याचं तोंड धुऊन होईपर्यंत मला थांबवेना. मी न्हाणीघराच्या दारात उभी राहून त्याला सगळं सांगितलं. चाचाजींबद्दल त्याला माहीत होतं, पण एक अपघात म्हणून, माझ्या लग्नाआधीची एक वाईट गोष्ट म्हणून. तो टेबलापाशी आला आणि दोन्ही चित्रं बराच वेळ बघत राहिला. त्यालाही प्रोग्रॅम कळतात. तो म्हणाला की असा प्रोग्रॅम कुणीही असाच लिहिला असता, ही चूक म्हणता येणार नाही. मग थोडं थांबून त्याने विचारलं,

"चौकशीच्या वेळी हे बघता आलं असतं का?"

"हो," मी म्हटलं. "मागे वळून हात लांब केला असता तरी."

त्याने माझ्या हातातला ओला टॉवेल घेतला आणि स्वतःच खिडकीच्या फटीत दाबून बसवला.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मधे त्यांनी एकही शास्त्रीय प्रश्न विचारला नाही, तेव्हाच मला काहीतरी विचित्र वाटलं. मग त्या म्हणाल्या, "मला शंका होती." परतीच्या गाडीतच त्यांच्या डोक्यात आलं होतं, की ढग स्थिर असेल तर आपलं यंत्र त्याला डोंगर समजेल. पण प्रकल्प संपला होता, अहवाल गेला होता, मीही निघून गेले होते. आता त्यांच्या पायांचं ऑपरेशन झालं होतं आणि घरातून बाहेर पडणं बंद झालं होतं. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. आम्ही दोघींनी एकच गोष्ट केली होती, मग मी कुठल्या तोंडाने रागवायचं?

विद्यार्थिनीच्या शोधनिबंधात हे सगळं स्पष्ट लिहू, असं त्या म्हणाल्या. यंत्रात काय चुकलं, ढग कसा होता, सगळं. मी विचारलं, आणि चाचाजींच्या घरी कोण सांगणार?

"इतक्या वर्षांनी सांगून त्यांना काय मिळणार आहे, याचा विचार कर," त्या म्हणाल्या. "तुला हलकं वाटेल म्हणून करू नकोस."

हे वाक्य माझ्या मनात आठवडाभर राहिलं. मला हलकं वाटायला हवंच होतं, हे खरं होतं. पण वाट सोडून स्वतःच्या बकऱ्यांकडे गेलेला माणूस म्हणून ते त्या गावात अठरा वर्षं ओळखले जात होते, हेही खरं होतं. मुलीला मी एवढ्यातलं काहीच सांगितलं नव्हतं, पण घर लहान आहे. जेवताना ती एकदम म्हणाली, "आई, यू हॅव टू टेल देम." मी तिला मराठीत बोल म्हटलं. ती म्हणाली, "सांग त्यांना," आणि ताट घेऊन उठून गेली.

नंबर मिळवायला पाच-सहा दिवस लागले. गावातल्या शाळेचा फोन मिळाला, तिथून कळलं की चाचाजींची मुलगी आता त्याच शाळेत शिक्षिका आहे. मी तिला सकाळी, तिची शाळा भरायच्या आधी फोन केला. मी कोण ते सांगितलं. ती लगेच म्हणाली, "रडारवाली दीदी?" तिच्या आवाजात आनंद होता, आणि त्यामुळे पुढचं सांगणं अवघड झालं.

हिंदीत सांगताना मी अडखळत होते. यंत्र कसं चालतं, ते काय पुसतं, त्या दिवशी त्याने काय पुसलं. तुझे वडील गोठ्याकडे गेले नव्हते असं मी म्हटलं, आणि मग स्वतःला थांबवून दुरुस्त केलं. ते कुठे जात होते हे मला माहीत नाही. मला माहीत आहे ते इतकंच, की त्या वेळी वर इतका बर्फ पडत होता की त्यांना वाट दिसणं शक्य नव्हतं. अहवालात लिहिलं आहे ते चूक आहे, आणि त्यावर माझी सही आहे.

तिकडून मुलांचे आवाज येत होते. मी तिच्या आईबद्दल विचारलं.

तिने सांगितलं की माँ पाच वर्षांपूर्वी गेली. मग हळूहळू बाकीचं सांगितलं. अहवालानंतर गावात लोक म्हणायला लागले, की सरकारी कामावर असताना बकऱ्या बघायला गेला. माँने आधी भांडून पाहिलं. मग तीही तेच म्हणायला लागली. दोन बकऱ्यांसाठी आम्हाला टाकून गेला, असं ती मुलीला म्हणायची. त्याच वसंतात तिने सगळ्या बकऱ्या विकून टाकल्या. घरात त्यांचा फोटो लावू दिला नाही. ती गेल्यावरच मुलीने तो ट्रंकेतून काढून लावला होता.

"पाँच साल पहले बता देतीं, दीदी," ती म्हणाली. रागाने नाही म्हणाली. एखाद्या विद्यार्थ्याने वही उशिरा आणून दिल्यावर म्हणावं तितक्या सपाट आवाजात.

मी माफी मागितली. तिने सांगितलं की हे सगळं तिला कागदावर हवं आहे, हिंदीत, चित्रांसकट, खाली माझी सही असलेलं. फोनवरचं गावात कुणी धरणार नाही. पंचायतीत वाचून दाखवायचं तर कागद लागेल. आणि शाळेची घंटा झाली म्हणून तिने फोन ठेवला.

तो कागद लिहायला मला नऊ दिवस लागले. शाळेनंतर मी हिंदीत काही लिहिलं नव्हतं. प्रत्येक वेळी वाक्यं माझी बाजू घेऊ लागायची. 'यंत्राच्या मर्यादेमुळे' असं मी लिहायचे आणि खोडायचे. 'त्या वेळच्या परिस्थितीत' असं लिहायचे आणि खोडायचे. शेवटी दोन पानं उरली. त्यात एक वाक्य असं आहे, की कच्च्या नोंदी तपासता आल्या असत्या, माझ्या मनातही आलं होतं, मी तपासल्या नाहीत. नवऱ्याने वाचून विचारलं की ते वाक्य हवंच आहे का. मी म्हटलं, त्याच्याशिवाय बाकीचं खरं राहत नाही.

मला स्वतः जायचं होतं. पण इकामा तसाच लटकलेला. आम्ही बाहेर पडलो असतो तर परत येता येईल याची खात्री कुणी देत नव्हतं. कुवेतहून टाकलेलं पत्र पोचेल की नाही याचीही खात्री नव्हती. तळमजल्यावरच्या भाभी त्यांच्या भावाच्या मुलीच्या लग्नासाठी रत्नागिरीला निघाल्या होत्या. मी पाकीट घेऊन खाली गेले. त्यांचं सामान दिवाणखान्यात पसरलं होतं, वजनकाटा मधोमध होता आणि प्रत्येक बॅग दोन किलोने जास्त भरत होती. मी कशाचं पाकीट आहे ते थोडक्यात सांगितलं. त्यांनी ते बॅगेत टाकलं नाही, हातातल्या पर्समध्ये पासपोर्टाशेजारी ठेवलं. मुंबईत उतरल्या उतरल्या टाकते, असं म्हणाल्या. मग विचारलं, "त्यांचं मयत लोकांनी नीट केलंन ना?" मी हो म्हटलं. मी त्या दिवशी होते तिथे. बर्फात लाकडं पेटेनात, म्हणून रडारच्या जनरेटरचं डिझेल वापरावं लागलं होतं. हे मी गेल्या अठरा वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. ते भाभींना त्यांच्या उघड्या बॅगांमध्ये उभं राहून सांगितलं.

दोन आठवड्यांनी चाचाजींच्या मुलीचा मेसेज आला. "मिल गया." बस, एवढाच. तिने तो कागद पंचायतीत वाचून दाखवला की नाही, गावकरी काय म्हणाले, हे मी विचारलं नाही. विचारण्याचा हक्क मला नाही असं वाटलं. आपल्याला बरं वाटावं असं काही ऐकायला मिळेल, या आशेनेच मी विचारलं असतं.

सप्टेंबरात शाळा सुरू झाली. इकामा नोव्हेंबरात आला, पण त्या गावी जाण्यासाठी आता त्याचा काही उपयोग नव्हता. मॅडमच्या विद्यार्थिनीने निबंध लिहिला. स्थिर ढगातला बर्फ पुसला जाऊ नये म्हणून काय करायचं, हे त्यात तिने फार हुशारीने मांडलं आहे. तिने माझं नाव लेखकांत घातलं होतं. मी ते काढायला सांगितलं आणि जमिनीवरची मोजणी ज्यांनी केली त्यांचं नाव घालायला सांगितलं. लेखकांत घालता येणार नाही, असं कळलं. आभारांत आलं आहे, तिसऱ्या ओळीत, वीज पुरवणाऱ्या खात्याच्या नंतर.

हिवाळ्यात एका दुपारी कुवेतच्या दक्षिणेला गारांचा पाऊस झाला. आमच्या शाळेवर चार थेंब पडले असतील, पण पंधरा-वीस किलोमीटरवर रस्ते पांढरे झाले. लोक गाड्या बाजूला लावून गारांचे गोळे एकमेकांवर फेकत होते. तासाभरात त्याचे व्हिडिओ जगभर फिरले. स्टाफरूममध्ये सगळ्या मोबाइलवर तेच बघत होत्या. कुणीतरी मला विचारलं, तुम्ही तर यातल्या जाणकार, हे आधी कळत नाही का? मी म्हटलं, कधी कळतं, कधी नाही, आणि वह्या तपासायला घेतल्या.

संध्याकाळी चाचाजींच्या मुलीचा मेसेज आला. "मिल गया" नंतरचा पहिलाच. कुणीतरी तिला तो व्हिडिओ पाठवला होता. तिने विचारलं होतं, कुवेतमध्ये बर्फ पडला का. मी लिहिलं, बर्फ नाही, गारा आहेत, तासाभरात वितळल्या. बराच वेळ ती काहीतरी लिहिते आहे असं दिसत होतं, मग थांबत होतं, मग पुन्हा दिसत होतं. शेवटी तिचा प्रश्न आला. पापा शाळेपासून निघाले तेव्हा बर्फ सुरू झाला होता का? नसेल, तर त्यांना परत फिरायला वेळ होता का?

चित्रांवर वेळ छापलेली असते. कागद लिहितानाच मी हा हिशोब केला होता आणि कागदात घातला नव्हता. तिने विचारलं नाही तर सांगायचं नाही, असं ठरवून टाकलं होतं. मी स्वयंपाकघरात गेले, भाताचा कुकर बंद केला आणि परत येऊन बसले. नवरा आणि मुलगी बाहेरच्या खोलीत तेच गारांचे व्हिडिओ बघत होते.

मी लिहिलं की ते निघाले तेव्हा आभाळ साफ होतं, तुझ्या वडिलांनी काही चूक केली नाही. निघाल्यावर वीस मिनिटांनी वरच्या कुरणात बर्फ सुरू झाला. वाटेवर पोचायला त्याला आणखी चाळीस मिनिटं लागली. त्यांच्याकडे वॉकीटॉकी होती आणि तेव्हा ती चालू होती. मी कच्चा पडदा बघत असते आणि त्यांना हाक मारली असती, तर ते परत फिरू शकले असते. चाळीस मिनिटं होती.

मी ते पुन्हा वाचलं नाही, तसंच पाठवलं. तिने ते लगेच वाचलं, तशी निळी खूण आली. त्याला आता वर्ष होऊन गेलं. तिचं उत्तर आलं नाही, आणि मीही त्यानंतर तिला काही लिहिलेलं नाही.